सांगितलं की गुण जातो

मल्लिकार्जुन अप्पांच्या बायकोचं म्हणणं असं, की लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात हा माणूस तिच्याशी जेवढं बोलला त्याहून जास्त औषधांच्या पाकिटांशी बोलला. बाईचं म्हणणं खोटं नसावं. आमच्या वृद्धाश्रमात अप्पा दर मंगळवारी आणि शनिवारी येतात, खिडकीपाशी बसतात, एकेक पाकीट उजेडात धरतात, मागची मुंगीएवढी अक्षरं वाचतात आणि त्याला हळूच काहीतरी विचारतात. पाकीट काय उत्तर देतं ते त्यांनाच ठाऊक, पण त्यांचं समाधान होतं. माणसांच्या उत्तरांनी मात्र त्यांचं समाधान झालेलं मी अजून बघितलेलं नाही.

अप्पा उदगीरकडचे. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, खिशात तीन पेनं, आणि कुणी भेटलं की "शरणार्थ" हा लिंगायती नमस्कार. अडतीस वर्षं लातूर जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांत औषध द्यायच्या खिडकीमागं बसले. ती खिडकी एवढी लहान, की निम्म्या तालुक्याला अप्पांचा फक्त उजवा हात ओळखू यायचा. निवृत्त झाल्यावर जळकोटच्या बाजारात एक म्हातारी ओळख देईना, तेव्हा अप्पांनी हात पुढं केला आणि मग म्हातारी हसली, अशी एक गोष्ट आहे. अप्पा ती सांगत नाहीत. मी सांगतो, आणि थोडी वाढवून सांगतो.

आता मुलाचं जळकोटला मेडिकल आहे. अप्पा तिथं बसायचे आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला, ही गोळी काहून घेता, किती दिवसांपासून घेता, अजून काय काय घेता, असं विचारत राहायचे. एक खोकल्याचं औषध न्यायला आलेला माणूस अर्ध्या तासानं आपल्या सासूच्या आजाराची सगळी हकीकत सांगून, औषध न घेताच गेला. मुलगा गुणी आहे, बापाला काही बोलला नाही. पण आमच्या ट्रस्टवाल्यांनी "अप्पा, आश्रमातल्या औषधांकडं तेवढं बघता का" असं विचारलं, त्या दिवशी मुलाच्या घरी पेढे वाटले असं मी सगळ्यांना सांगत असतो.

अप्पा आले तेव्हा आम्ही इथं चौतीसजण होतो आणि औषधं कुठंकुठं होती ते सांगायला नको. कुणाची उशीच्या खोळीत, कुणाची लुगड्याच्या गाठीला, कुणाची देवाच्या डबीत हळदीशेजारी. अमृतराव नावाचे आमचे एक माजी पाटील दोन डॉक्टरांनी दिलेल्या दोन रंगांच्या गोळ्या वर्षभर घेत होते, आणि दोन्ही बीपीच्याच होत्या, नाव तेवढं वेगळं. पाटील सकाळी उठले की चक्कर यायची, आणि ते ती खानदानी नजाकत म्हणून खपवायचे. अप्पांनी दुसऱ्या आठवड्यात पकडलं. पाटलांची चक्कर गेली तसा त्यांचा तोराही थोडा गेला, त्याचं आम्हाला वाईट वाटलं नाही.

अप्पांची विचारायची रीत वेगळी. "गोळी घेतली का?" असं ते कधी विचारत नाहीत, कारण आमच्याकडं त्याला एकच उत्तर आहे, "हाव". गोळी पोटात असो, गादीखाली असो, नाहीतर कोंबडीनं खाल्लेली असो. म्हणून अप्पा आडून येतात. चप्पल घट्ट होती का? रात्री किती येळा उठलात? भाकर तोंडाला कशी लागती? स्वप्नात कोण येतं? एकीच्या स्वप्नात मेलेले दीर रोज यायचे. अप्पांनी तिची एक गोळी डॉक्टरांना सांगून बदलून घेतली, तर दीर यायचे बंद झाले. बाई महिनाभर अप्पांवर नाराज होती.

बदलून घेतली म्हणजे काय, तर विनंती केली. इथं सगळी गोम आहे. अप्पांना लिहायचा अधिकार नाही. लिहितात ते लातूरचे डॉक्टर, महिन्यातून दोनदा शुक्रवारी येतात, तरुण आहेत, भले आहेत, आणि चौतीस म्हातारे दोन तासांत बघतात. अप्पा त्यांच्यासाठी चिठ्ठ्या लिहून ठेवायचे. "अमुक यांची पोटॅशियमची तपासणी करावी किंवा कसे, याचा कृपया विचार व्हावा." सरकारी नोकरीतलं मराठी. डॉक्टर कधी विचार करायचे, कधी चिठ्ठीवर चहाचा कप ठेवायचे. आणि अप्पा दोन्हीला तेवढ्याच नम्रपणे मान हलवायचे.

आता सरजाबाई.

सरजाबाई लोहा तालुक्यातली. नवऱ्यामागं शेत पुतण्यांनी कसायला घेतलं, ती इथं आली. पोटी एकच लेक, सिंधू, ती दिली नायगावला. लेकीच्या घरी आईनं चार दिवसांच्या वर राहायचं नाही, ही आमच्या भागातली जुनी रीत, आणि सिंधूच्या सासरची माणसं रीत पाळण्यात लई पक्की. म्हणून सिंधू यायची. नायगावाहून दोन गाड्या बदलून, दुपारची पोचायची, आईच्या डोक्याला तेल लावायची, आणि चारच्या गाडीनं परत. आईसाठी तिला एवढंच करता यायचं. म्हणजे वरवर बघणाऱ्याला वाटायचं एवढंच.

सरजाबाई आली तेव्हा तिचे गुडघे असे होते, की खाटेवरून उठायला दोन बाया लागायच्या आणि उठताना ती ज्याचं नाव घेऊन कण्हायची तो मेलेला नवरा वर कुठंतरी दचकत असणार. आणि मग एका वर्षात बाई चालायला लागली. नुसती चालायला नाही, तुरूतुरू. अंगानं भरली, गाल वर आले, भूक अशी की दोन भाकरी खाऊन तिसरीकडं बघायची. हसणं वाढलं. सगळ्या म्हणायच्या, सरजाबाईला आश्रम मानवला. व्यवस्थापकांनी तिचा फोटो ट्रस्टच्या पत्रकावर छापला.

पुडीची गोष्ट आम्हा सगळ्यांना ठाऊक होती. बायांच्या खोलीत एकीला कळलं की भिंतींना कळतं, आणि भिंतींना कळलं की मला. देगलूरच्या पलीकडं, तेलंगणाच्या शिवेलगत कुणी बाबा आहे, तो सांध्यांचं झाडपाल्याचं औषध देतो. करड्या रंगाची पूड, कागदाच्या पुड्या, रोज सकाळी एक, ताकातून. सिंधूनं ती अमावस्येलाच आणायची. वांगं वर्ज्य, चिंच वर्ज्य. आणि मुख्य पथ्य म्हणजे कुणाला सांगायचं नाही, त्यातून दवाखान्याच्या माणसाला तर बिलकुल नाही. सांगितलं की गुण जातो.

शहरातल्या माणसाला हे हसू येईल. आमच्याकडं काविळीचं औषध असंच मिळतं, मुतखड्याचं असंच मिळतं. पहाटे तोंड न धुता जायचं, वाटेत कुणाशी बोलायचं नाही, घेऊन आल्यावर शेजारणीला सुद्धा पत्ता लागू द्यायचा नाही. अप्पांच्या आईनं अप्पांना लहानपणी काविळीचं औषध असंच पाजलं होतं, हे मला त्यांनीच सांगितलेलं. तर पुडीचं आम्ही सगळ्यांनी पाळलं. तोंडात तीळ भिजत नाही अशी ज्याची ख्याती, त्या मी सुद्धा पाळलं. म्हातारी चालायला लागलीय, तिचा गुण आपण कशाला घालवायचा.

अप्पांना मात्र तिची तब्येत बघून आनंद होत नव्हता. ते दर मंगळवारी तिच्या तोंडाकडं बघायचे, मग मनगटाकडं. बांगडी लागली तरी तिच्या कातडीखाली जांभळा डाग उमटायचा. गाल फुगले होते, पोट सुटलं होतं, आणि दंड मात्र काडीसारखे होत चालले होते. कधी नव्हती ती शुगर निघाली. डॉक्टरांनी शुगरची गोळी लिहिली. मग बीपी वाढलं, त्याची लिहिली. पायाला सूज आली, लघवीची गोळी लिहिली. मग पोटात जळजळायला लागलं, त्याची चौथी. अप्पा मला म्हणाले, "एका गोळीला चार पिल्लं झाली, पण आई कोणती तेच दिसंना." त्यांनी डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली, की बाई बाहेरून स्टेरॉइड घेत असाव्यात, कृपया विचार व्हावा. डॉक्टर चिठ्ठी वाचून म्हणाले, अप्पा, मी तिला विचारलं, ती न्हाई म्हणती. काही पुरावा द्या. रास्तच होतं.

पुरावा मी दिला. द्यायचा नव्हता.

दुपारच्या जेवणाला सरजाबाई पानावर येऊन बसली, आणि मी तिच्या गोल तोंडाकडं बघून चेष्टा करायची म्हणून बोलून गेलो, की जगात चंद्र पुनवेला वाढतो, आमच्या आश्रमात तो अमावस्येला वाढतो. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. सरजाबाई पण हसली. अप्पा पलीकडं वरणाची वाटी हातात धरून बसले होते, ते हसले नाहीत. वाटी खाली ठेवली, हात धुतले आणि सरळ कचेरीत जाऊन भेटायला येणाऱ्यांची वही मागितली. सिंधूचं नाव होतं, दीड वर्षातल्या प्रत्येक अमावस्येला. मग अप्पांनी आपल्या वहीतली सरजाबाईच्या शुगरची पानं काढली आणि दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवून तासभर बसले. अमावस्या झाली की शुगर चढलेली; आणि अमावस्येला आणतात ती पुडीच, हे आमच्याकडं कुणी सांगावं लागत नाही.

माणूस एवढा खूश झालेला मी कधी बघितला नव्हता. मागून मी त्यांना म्हटलं, अप्पा, तुम्ही त्या दिवशी नवरदेवासारखे दिसत होता. 

त्या खुशीतच त्यांनी अडतीस वर्षांची रीत सोडली. आडून विचारायचं सोडून सरळ गेले. सरजाबाई ओसरीवर वाती वळत बसली होती. मी पेपर तोंडापुढं धरून शेजारीच होतो. अप्पा तिच्यासमोर पाटावर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "सरजाबाई, मला पुडीचं कळलंय. मी रागावलो न्हाई, कुणाला बोलणार न्हाई. फक्त एक ऐका, ती एकदम बंद करू नका."

सरजाबाईनं माझ्याकडं बघितलं. मी पेपर वर घेतला.

"कळलं तुम्हाला," ती म्हणाली.

"हाव."

"मग गेलं."

"काय गेलं?"

"गुण गेला, अप्पा. आता काय, राख हाय ती."

ती वाती बाजूला ठेवून उठली, खोलीत गेली, पेटीतून पुड्यांचा गठ्ठा काढला, आणि मागच्या मोरीवर बसून एकेक पुडी सोडून पाण्यात टाकायला लागली. रागानं नाही. देवाला वाहिलेली शिळी फुलं विसर्जन करावीत तशी, शांतपणे. अप्पांना काय होतंय ते कळेपर्यंत निम्म्या पुड्या वाहून गेल्या होत्या. मग अडुसष्ट वर्षांचा तो माणूस पळाला. मी त्यांना मोरीत गुडघ्यावर बसून, बोटांनी करडा चिखल कागदावर ओढताना बघितलं. जे औषध त्यांच्या लेखी भोंदूगिरी, ते वाचवायला.

"सरजाबाई, ऐका माझं. चार तरी ठिवा. रोज थोडी थोडी कमी करू."

"कळलेलं औषध लागत न्हाई, अप्पा. तुम्ही शिकलेले हायत, तुम्हाला एवढं ठाव न्हाई का?"

ठाऊक होतं. त्यांच्या तोंडावरून मला दिसलं, की काविळीचं औषध त्यांना तेव्हा आठवलं.

त्यांनी मला नंतर समजावून सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. आपल्या शरीरात एक रस असतो, माणसाला उभं ठेवणारा. पुडीत मिसळलेल्या स्टेरॉइडमधून तो बाहेरून मिळायला लागला की आतली विहीर आटते, दीड वर्षात पार आटते. मग एका दिवशी बाहेरचा बंद केला, की आतही नाही, बाहेरही नाही. पुडी हळूहळू उतरवत नेली तर विहिरीला पाझर फुटायला वेळ मिळतो. पण किती उतरवायची? एका पुडीत किती आहे ते बाबालाच ठाऊक, आणि बहुतेक त्यालाही नाही. आणि वर ह्या चार गोळ्या, ज्या पुडीमुळं चालू झाल्या. पुडी गेली, पण शुगर खाली ओढणारी आणि बीपी खाली ओढणारी तशाच राहिल्या.

तो मंगळवार होता. अप्पांनी दुपारभर फोन केले. डॉक्टर कुठल्याशा शिबिरात होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, अप्पा, न बघता स्टेरॉइड कसं लिहू? न तपासता लिहू नका हे तुम्हीच मला दोन वर्षं सांगताय. शुगरची आणि बीपीची गोळी बंद करा, आणि तिला उद्याच लातूरला आणा. सगळं बरोबर होतं.

मग त्यांनी वर्षाराणीला सांगितलं. वर्षाराणी ही गोळ्या वाटणारी आमची सेविका, कामाला चोख. ती म्हणाली, अप्पा, तुमचं ऐकलं असतं हो, पण कार्डावर सही डॉक्टरांची लागती; मागं एकदा मी तोंडी सांगण्यावरून गोळी चुकवली तर मला नोटीस मिळाली होती. डॉक्टरांचा मेसेज येईपर्यंत संध्याकाळची गोळी देऊन झाली होती.

मग व्यवस्थापकांना. ते म्हणाले, नातेवाइकाच्या मंजुरीशिवाय लातूरला नेता येत नाही, आणि बाई तर चांगली हिंडती फिरती आहे. ते खरंच होतं, त्या क्षणी ती तुळशीला पाणी घालत होती.

मग सिंधूला. आधी ती म्हणाली, कसली पुडी? मग, "आईनं सांगितलं का?"

"न्हाई बाई, माझं मला कळलं. तू अजून पुड्या आणून दे, पोरी. उद्याच्या उद्या."

"आता आणून काय उपेग, अप्पा? आता त्या लागणार न्हाईत. अन् कळलेल्या घरी बाबा पुन्हा देत न्हाई."

लातूरला न्यायचं तर मी आल्यावर न्या, गुरुवारी येते म्हणाली. त्याआधी घरात एक बारसं होतं.

बुधवार अप्पांचा यायचा दिवस नव्हे, पण ते सकाळीच आले. सरजाबाई अंथरुणावर होती, अंगात शक्ती नाही म्हणाली, भाकर नको म्हणाली. अप्पा तिच्याजवळ स्टूल घेऊन बसले. त्यांचा हात वरच्या खिशाकडं जायचा आणि परत यायचा. असं तीनदा झालं. चौथ्या वेळी त्यांनी खिशातून स्टेरॉइडच्या लहान पांढऱ्या गोळ्यांचं एक पाकीट काढलं, मुलाच्या मेडिकलमधून आणलेलं. अडतीस वर्षांत चिठ्ठीशिवाय एक गोळी त्या खिडकीतून बाहेर गेली नव्हती. तहसीलदाराला परत पाठवणारा माणूस. त्यांनी एक गोळी काढून तळहातावर धरली. त्या हाताची मी एवढी चेष्टा केलीय, त्या दिवशी मला बघवेना.

"ही घ्या," अप्पा म्हणाले. "पुडीतलंच आहे. चांगलं आहे."

सरजाबाईनं गोळीकडं बघितलं. "तुमच्या चार खातेच की अप्पा. लेकीनं आणलेलं होतं ते गेलं. आता पाचवी नको."

"माझ्यासाठी घ्या."

"तुमच्यासाठी काहून? तुम्हाला काय झालं?"

तिनं कूस बदलली. मग अप्पांनी ती गोळी पाकिटात परत घालायचा प्रयत्न केला, पण फोडलेल्या जागेत गोळी परत बसत नाही. शेवटी त्यांनी ती रुमालात बांधली.

गुरुवारी सकाळी तिला उलट्या सुरू झाल्या. अंग थंडगार, कपाळावर घाम, हाक मारली तर डोळे उघडायचे आणि कुठंतरी दुसरीकडंच बघायचे. शुगर बघितली तर मशीननं अठ्ठेचाळीस दाखवली. अप्पांना फोन गेला, ते पोचेपर्यंत वर्षाराणीनं साखरपाणी पाजलं होतं. आता नातेवाइकाच्या मंजुरीचं कुणी नाव काढलं नाही. एकशेआठची गाडी आली, सरजाबाईला उदगीरला नेलं. गाडीत अप्पा होते आणि मी होतो. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण माझ्या चेष्टेतून हे निघालं होतं, तेव्हा मीही चढलो.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. अप्पांनी त्यांना दारातच दोन वाक्यांत सांगितलं, दीड वर्ष गावठी पुडीतून स्टेरॉइड, परवा एकदम बंद. बाईंनी अप्पांकडं एकदा नीट बघितलं, कपाळापासून चपलेपर्यंत, आणि सिस्टरला इंजेक्शन सांगितलं. कुणी पुरावा मागितला नाही, सही मागितली नाही. दुपार उलटली तशी सरजाबाई उठून बसली आणि तिनं चहा मागितला. अप्पा भिंतीला टेकून उभे होते ते खालीच बसले.

सिंधू तेवढ्यात पोचली. आईला उराशी धरून रडली, मग अप्पांकडं वळली. मला वाटलं पाया पडते. तिनं हात जोडले खरे, पण बोलली ते असं:

"अप्पा, तुम्हाला इचारायची काय गरज होती? दीड साल माझी माय चालत होती, हसत होती. तुम्हाला कळलं अन् तिसऱ्या दिवशी आडवी झाली. मला सांगा, मी आता बाबाला खोटं कसं म्हणू?"

अप्पांनी तोंड उघडलं. रस, विहीर, पाझर, सगळं त्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसत होतं. पण ती जे म्हणाली होती त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. पुडी चालू होती तोवर आई चालत होती. अप्पांना कळलं तशी ती पडली. तेलंगणाच्या शिवेवर बसलेला तो बाबा घर न सोडता खरा ठरला, आणि त्याला खरं ठरवणारे अप्पाच. ते एवढंच म्हणाले, "पोरी, माझं चुकलं." कुठं चुकलं ते तिला समजलं ते वेगळं, आणि त्यांना म्हणायचं होतं ते वेगळं.

उदगीरच्या बाईंनी स्टेरॉइडची गोळी लिहून दिली, चार महिन्यांत हळूहळू उतरवत न्यायची. अप्पांनी त्याचा तक्ता केला, नातवाच्या रंगपेटीतले रंग घेऊन. लाल आठवडा, पिवळा आठवडा, हिरवा आठवडा. सरजाबाईच्या खाटेवर तो लावला. गोळी एवढीएवढीशी, त्यामुळं गुडघे परत बोलायला लागले. बाई कण्हायला लागली. अप्पा तिला समजावायचे, की थोडे दिवस दुखेल, मग दुसरा उपाय करू. ती म्हणायची हाव.

लाल आठवडा संपायच्या आतच सिंधू आली आणि आईला घेऊन गेली. नांदेडच्या कडेला एक आश्रम आहे, तिथं तिच्या नात्यातली एक बाई स्वयंपाकाला आहे. तिथं कुणी चौकश्या करत नाही, असं ती व्यवस्थापकांना म्हणाली. अप्पांनी तक्ता काढून, घडी करून तिच्या पिशवीत ठेवला. "एवढंच, एकदम बंद करू नको," ते म्हणाले. "ही गोळी म्हणा, ती पुडी म्हणा, काहीही असू दे. एकदम बंद न्हाई." सिंधूनं मान हलवली. रिक्षा गेल्यावर अप्पा फाटकाशी एवढा वेळ उभे होते, की अमृतराव सुद्धा त्यांना काही टोचून बोलले नाहीत.

दोन महिन्यांनी अप्पा मला म्हणाले, नांदेडला येता का? मी म्हटलं, मी कशाला? म्हणाले, एकटा गेलो तर तपासायला आल्यासारखं वाटेल. कंधार-लोह्यावरून जाणाऱ्या गाडीनं आम्ही गेलो. लोहा आलं तेव्हा अप्पांनी खिडकीतून बाहेर बघत विचारलं, सरजाबाईचं गाव कोणत्या बाजूला? मला ठाऊक नव्हतं, तरी मी एक बाजू दाखवली.

त्या आश्रमातल्या सेविकेनं विचारलं, तुम्ही कोण? अप्पा म्हणाले, औषधवाला. ती म्हणाली, आमच्याकडं औषधं नातेवाईकच बघतात. अप्पा म्हणाले, मी बघायला आलो न्हाई, भेटायला आलो.

आणि मग सरजाबाई आली. अंगणातून, तुरूतुरू, काठी नाही, कुणाचा हात नाही. तोंड पुन्हा गोल, पहिल्यापेक्षा जास्तच. हसत आली. "बगा अप्पा, चालते का न्हाई?" आणि आम्हाला दाखवायला तिनं कडुलिंबापर्यंत एक फेरी मारली, परत आली, आणि बांगड्या मागं सारून पदर खोचला. मनगटावर दोन जांभळे डाग होते, एक जुना, एक ताजा.

मी अप्पांकडं बघितलं. त्यांनी डाग बघितले होते; पुडी कुठून तरी परत चालू झाली होती. आणि मला एकाएकी कळलं, की आता ह्या माणसाला एक शब्दसुद्धा बोलता येत नाही. पुडी कुठली, किती घेता, शुगर कधी बघितली, काहीच विचारता येत नाही. त्यांना कळलंय हे तिला कळलं, की ती उठेल आणि पेटी उघडेल. आणि इथं रोज बघणारं कुणी नाही, उदगीरच्या डॉक्टरीणबाईही जवळ नाहीत. सेविकेला सांगावं, तर स्वयंपाकघरातून ते तासाभरात सरजाबाईपर्यंत पोचणार. आमच्या लोकांना मी ओळखतो.

सरजाबाई पण अप्पांकडंच बघत होती. हसू तोंडावर तसंच, पण डोळे थांबलेले. "आज काही इचारत न्हाईत?"

"न्हाई," अप्पा म्हणाले. "काय इचारायचं? तुमचं समदं चांगलं दिसून राहिलं."

"सपनात कोण येतं, ते बी न्हाई?"

"ते बी न्हाई."

तिचा जीव भांड्यात पडला. मग ती मोकळेपणानं बोलायला लागली, इथली भाजी कशी पाणचट, सिंधूचा थोरला कितवीत गेला, शेजारच्या खाटेवरची कशी घोरते. अप्पा ऐकत होते. दोनदा त्यांनी विभूतीवरून हात फिरवला. निघताना त्यांनी सेविकेला बाजूला घेऊन एका कागदावर आपला नंबर दिला आणि सांगितलं, सरजाबाईंना कधी उलट्या झाल्या, थंड घाम आला, तर आधी दवाखाना आणि मग मला फोन. सेविकेनं विचारलं, काहून, काही आजार आहे का त्यांना? अप्पा म्हणाले, न्हाई, वय झालंय, म्हणून.

सरजाबाई आम्हाला सोडायला रस्त्यापर्यंत आली. अप्पांना ठेच लागली तर तिनंच त्यांना धरलं, आणि म्हणाली, सावकाश, पाय उचलून टाका. त्यांनी पाय उचलून टाकला.